फ्रिज: हो की नाही

माणूस गरीब आहे की नाही हे ओळखायचं दोन दिवसांचं प्रशिक्षण मी घेतलेलं आहे. माझ्या आईला ते चहाच्या रंगावरून कळायचं आणि त्यासाठी तिला कुणी तालुक्याला बोलावलं नव्हतं.

आम्ही मूळचे कोल्हारचे. प्रवरेचं पाणी, ऊस, चाऱ्याचा घास, दावणीला जनावर. आईचं माप सोपं होतं. पाहुणा आला की ज्याला वाटी घेऊन दुसऱ्याच्या दारात दूध मागायला जावं लागतं, तो गरीब. मग त्याचं घर कसलंही असो, शिक्षण कितीही असो. या मापाने आमच्या गावचे पोस्टमास्तर शेवटपर्यंत गरीबच राहिले आणि आई त्यांच्याकडे न मागता दूध पाठवत राहिली. मी हे माप बरोबर घेऊन पाथर्डी तालुक्यात शिक्षिका म्हणून आले आणि पहिल्याच आठवड्यात ते निकामी झालं. इथली अख्खी वस्ती कोरा चहा प्यायची, मलाही तोच द्यायची, आणि देताना कुणाची मान खाली जात नव्हती.

मग मी शाळेपुरतं माझं माप केलं. ज्या पोराच्या चपला दोन नंबर मोठ्या, त्याच्या घरी ओढाताण आहे असं समजायचं. तेही फसलं. एका सधन घरातल्या आजोबांचा चपला मोठ्याच घ्यायच्या असा नेम होता, पोर वाढतंच म्हणून. त्या नातवाला मी दोन वर्षं जास्तीची खिचडी वाढत होते.

तर सांगायचं म्हणजे, हे काम मला जमत नाही हे मला ठाऊक होतं. पण शिक्षकाला शिकवणं सोडून सगळं येतं असं आपल्याकडे पक्कं मत आहे. मतदार मोजा, संडास मोजा, शाळाबाह्य मुलं मोजा. ती मोजायला गेलं की शाळेतली मुलं शिक्षकाबाह्य होतात, ती कोण मोजणार, हे विचारायची सोय नाही. त्या वर्षी आम्हाला घरकुलासाठी गरीब मोजायला सांगितलं.

प्रशिक्षक सज्जन होते. त्यांनी फार मन लावून समजावलं. पूर्वी म्हणे माणसाच्या पोटात किती जातं ते पाहायचे. मग घरात महिन्याला किती खर्च होतो ते पाहू लागले. पण लोक मिळकत लपवतात, खर्च विसरतात, म्हणून आता घरात काय आहे आणि काय नाही ते पाहायचं. भिंत कशाची, चूल कशावर, गाडी आहे का, फ्रिज आहे का. "माणूस खोटं बोलेल मॅडम, वस्तू खोटं बोलत नाहीत," असं ते म्हणाले आणि ते वाक्य मी वहीत उतरवून घेतलं. मला ते फार पटलं होतं, ही माझी अक्कल.

मी एकच शंका विचारली. माझ्या शाळेच्या गावातली निम्मी कुटुंबं दसरा झाला की कुलूप लावून ऊसतोडीला जातात आणि अर्धं वर्ष कारखान्याच्या रानात पाचटाच्या झोपडीत, कोपीत राहतात. त्यांचं कोणतं घर मोजायचं? ते म्हणाले की ॲपमध्ये जे घर येईल ते. सगळे हसले. मीही हसले, पण मला उत्तर मिळालं नव्हतं.

आता ज्या घरासाठी हे सांगते आहे ते वस्तीच्या अगदी टोकाला होतं. नवरा-बायको दोघं ऊस तोडायचे. मुलगी चौथीपर्यंत माझ्याकडे होती, पुढे बारावी झाली, तिची अक्षरं मोत्यासारखी. घराला पत्रे होते, तीन भिंती मातीच्या होत्या आणि चौथी मागच्या पावसाळ्यात बसली. ती बसली तेव्हा मायलेकी आतच होत्या. हातभर अलीकडे झोपल्या होत्या म्हणून वाचल्या. त्या जागी मग त्यांनी वाढदिवसाच्या शुभेच्छांचा मोठा फ्लेक्स ताणून बांधला. उन्हाने रंग उडून फाटू नये म्हणून छापलेली बाजू आत घेतली होती, त्यामुळे घरात शिरलं की कुणीतरी पुढारी हात जोडून उभाच. घरकुल मिळालं तर त्यांना चार भिंती मिळणार होत्या, आणि गावात कुणाला घरकुल मिळायला हवं असेल तर यांना, याबद्दल माझ्या मनात काडीची शंका नव्हती.

त्यांचं घर मी शेवटच्या दिवसासाठी ठेवलं. ठेवलं म्हणजे राहिलं. ते ॲप घराच्या दारात उभं राहिल्याशिवाय उघडत नसे, दारात उभं राहिलं की रेंज नसे, आणि रेंज आली की पुन्हा पासवर्ड मागे. सकाळपासून माझं डोकं उठलं होतं. तिथे पोचले तर अंगणात जीप. मुलीला पाहायला पाहुणे आले होते. दुसऱ्या दिवसापासून पितृपक्ष, म्हणजे पंधरा दिवस असली बोलणी बंद, म्हणून त्यांनी आजचाच दिवस धरला होता. माझीही मुदत आजचीच.

मुलगा सुप्याकडे कंपनीत कामाला होता. त्या आईच्या दृष्टीने त्याचा अर्थ एवढाच की मुलीच्या हातात कोयता येणार नाही. मला पाहताच तिने डोळ्यांनी खुणावलं, बाई, थोडं थांबा, मग या. ती खूण मला कळली होती. मी आजवर इतरांना सांगताना कळली नाही असं सांगत आले, पण इथे कशाला खोटं लिहू. मला कळली आणि माझा पारा चढला. सगळ्या जगाला सवड आहे, पाहुण्यांना आहे, सर्व्हरला आहे, एकट्या शिक्षकाला नाही, असं काहीतरी मनात आलं आणि मी उंबऱ्यात बसकण मारून मोबाईल काढला.

आणि पाहुण्यांसमोर, पोहे खाणाऱ्या पाच माणसांसमोर, मी त्या बाईला एकेक प्रश्न वाचून दाखवला. दोन वेळचं जेवण मिळतं का? मिळतं की, ती म्हणाली. भिंत कशाची? विटा सांगितल्यात, दिवाळीनंतर बांधायची. चूल कशावर? गॅस आहे. होता खरा, सिलिंडर रिकामा होता एवढंच. ती प्रत्येक उत्तर जरा मोठ्याने, पाहुण्यांना ऐकू जाईल असं देत होती आणि मी तिच्यावर मनातून चिडत होते की ही बया स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेते आहे. भिंतीचं आणि चुलीचं मी डोळ्यांनी पाहून माझ्या मनाने खरं ते भरलं. मग प्रश्न आला, फ्रिज आहे का.

फ्रिज होता. फ्लेक्सवरच्या पुढाऱ्याच्या शेजारी उभा होता, फिकट हिरवा, वर विणलेला रुमाल आणि प्लास्टिकची फुलं.

"हाय की," ती म्हणाली. नवरा पायाच्या अंगठ्याकडे बघत बसला.

वस्तू खोटं बोलत नाहीत. मी 'हो' दाबलं. मग बाहेर येऊन घराचा फोटो काढला आणि त्यात पाहुण्यांची जीप येऊ नये म्हणून चांगली दहा पावलं बाजूला सरकले. आपण किती दक्ष आहोत याचं मला कौतुकही वाटलं.

नवरात्रात यादी लागली. तिचं नाव नव्हतं. अपात्र नावांचा एक वेगळा कागद होता, त्यात तिच्या नावापुढे कारणाच्या रकान्यात एकच शब्द होता: फ्रिज. चार मजली माडी असलेल्या एका माणसाचं नाव मात्र यादीत होतं, कारण माडी भावाच्या नावावर आणि हा गोठ्यात राहतो असं दाखवलेलं. मी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर उभी राहून ते वाचलं आणि तशीच तडक वस्तीवर गेले. भांडायलाच गेले. भिंत नाही तिथे फ्रिज कशाला घ्यायचा, हे मला तिला विचारायचं होतं.

ती तोडीला जायची बांधाबांध करत होती. माझं सगळं ऐकून घेतलं, मग उठून फ्रिजचं दार उघडलं. आत चार गोधड्या. खालच्या भाजीच्या कप्प्यात पेरणीची बाजरी. दाराच्या फळीवर, जिथे बाटल्या ठेवतात तिथे, पिशवीत गुंडाळलेलं रेशनकार्ड आणि मुलीचं बारावीचं गुणपत्रक. फ्रिजच्या मागे वायर वीतभर लोंबत होती, पुढे तोडलेली. आतलं यंत्र भंगारवाल्याने आधीच काढून घेतलं होतं. ते सहा महिने घर बंद ठेवून जायचे तेव्हा उंदीर सगळं कुरतडायचे. पत्र्याची पेटी गंजून खालून फाटली, म्हणून हे आणलं होतं. यात उंदीर शिरत नाही, दार घट्ट बसतं. आमच्या कोल्हारात फ्रिज म्हणजे थंड पाणी. इथे ते कपाट होतं.

"मग हो कशाला म्हणालात?" मी ओरडलेच जवळजवळ.

"पाव्हनं बसल्यालं."

"त्यांना तो चालू वाटला असता का?"

ती हसली. मुलाच्या आईने म्हणे निघताना स्वतःच उठून दार उघडलं होतं, गोधड्यांवरून हात फिरवला होता, टाका छान आहे म्हणाली होती. त्यांच्याकडेही असाच एक होता, त्यात ते गहू ठेवत.

"त्यास्नी ठाव असतंय, बाई. पन तसं म्हनायचं नसतंय."

म्हणजे त्या खोलीत त्या डबड्याला फ्रिज समजणारं माणूस एकच होतं आणि त्याच माणसाच्या हातात ॲप होतं. मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. तिच्याही मारावीशी वाटली, हे कबूल करते.

हरकतीचा अर्ज मीच लिहायला बसले. 'अर्जदार कुटुंब अत्यंत गरीब असून' अशी सुरुवात केली आणि मोठ्याने वाचली, तर बाईसाहेबांची हरकत. गरीब लिहू नका म्हणाली. मी कपाळाला हात लावला. घरकुल गरिबालाच मिळतं, हे मी तिला सांगून पाहिलं. ती शांतपणे शेजारच्या छपराकडे बोट दाखवू लागली. तिथे एक म्हातारी होत आलेली विधवा राहायची. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. जोडीतलं एक गेलं की उरलेलं माणूस अर्धा कोयता. त्याला मुकादम घेत नाही, घेतलंच तर दुसऱ्या कुणाच्या तरी अर्ध्याला जोडून, आणि सगळ्यात शेवटी. शेजारीण अशी अर्धा कोयता होती.

"गरीब ती," मुलीची आई म्हणाली. "आमचा कोयता पुरा हाय. आमाला निस्ती भिंत पायजे."

मी दोन दिवसांचं प्रशिक्षण घेतलेली बाई. मिळकत, खर्च, पोट, वस्तू, सगळी मापं माझ्या वहीत होती. तिचं माप त्यात नव्हतं. पण त्या क्षणी मला त्याचं काही कौतुक सुचलं नाही, उलट असा संताप आला की विचारू नका. गरीब नसलेल्याला निव्वळ भिंत द्यायची योजना कुठल्याही सरकारजवळ नाही. मी तिला तसं फटकन सांगितलं आणि 'अत्यंत' खोडून नुसतं 'गरीब' ठेवलं. तिने माझ्याकडे बघत सही केली. शेजारणीचं नाव यादीत लागलं होतं, तेवढं एक बरं झालं होतं.

दसऱ्यानंतर मुलीला नातेवाइकांकडे ठेवून ते दोघं गेले. जाताना ती घराची किल्ली शाळेत देऊन गेली. इथे अशा किल्ल्या दर वर्षी माझ्या कपाटात लटकतात, पोरांची नावं लावून.

थंडीत पडताळणीला पंचायत समितीतून एक साहेब आले. पन्नाशीचे, दमलेले, अजून दोन गावं करायची होती त्यांना. मी शाळेतल्या खिचडी शिजवणाऱ्या ताईंना बरोबर घेतलं, कुलूप उघडलं, त्यांना तुटकी वायर दाखवली, मागची पोकळी दाखवली, दार उघडून गोधड्या दाखवल्या. त्यांना सगळं समजलं. माणूस वाईट नव्हता. मोबाईल माझ्यासमोर धरून ते म्हणाले, "बंद पडलेला असा पर्याय नाही मॅडम. हो किंवा नाही, दोनच आहेत. उभा आहे तर हो."

मी विचारलं, घरात नसता तर?

त्यांनी मोबाईल खाली घेतला. मग म्हणाले, नसता तर नाहीच टाकलं असतं.

मग आम्ही तिघांनी तो फ्रिज उचलला. यंत्र नसल्याने हलका होता. आधी आतलं सगळं भराभरा काढून बाजेवर रचलं, वर एक प्लास्टिकचा कागद टाकला. कागदपत्रं मी पर्समध्ये घेतली. एका बाजूला मी, एका बाजूला ताई, आणि खाली वाकून आधार द्यायला स्वतः साहेब, अशी आमची वरात निघाली. वस्तीवरची दोन म्हातारी माणसं ओट्यावर बसून बघत होती. शाळेच्या व्हरांड्यात फ्रिज ठेवून साहेब परत त्या घरी गेले, रिकाम्या कोपऱ्याचा फोटो काढला आणि समाधानाने 'नाही' दाबलं. आता खोटं नाही, ते म्हणाले.

गोधड्या आणि बाजरी आठवडाभरात शाळेत आणून पुन्हा फ्रिजमध्ये भरायची असं मी ठरवलं होतं. ताईंनाही तसं बोलले होते. मग केंद्रातल्या शाळांच्या क्रीडा स्पर्धा आल्या, मग कसलीशी ऑनलाइन माहिती, मग परीक्षा. किल्ली रोज कपाट उघडताना समोर दिसत होती. मी विसरले. यात ॲपचा काही दोष नाही, साहेबांचा नाही, तिचा तर मुळीच नाही. मला एरवी दोष द्यायला कुणीतरी सापडतं, इथे सापडत नाही, म्हणून हे अजून सलतं.

चैत्रात नवी यादी आली. तिचं नाव होतं. ते दोघं आदल्या संध्याकाळी परतले होते, किल्ली नवरा घेऊन गेला होता. सकाळी मी यादीचा मोबाईलवर काढलेला फोटो घेऊन जवळजवळ पळतच वस्तीवर गेले. इतक्या वर्षांत एक काम धड झालं होतं.

ती जमिनीवर बसली होती. समोर गोधड्यांचा ढीग होता, म्हणजे गोधड्या होत्या असं म्हणायला जागा होती. उंदरांनी त्यात घरं केली होती. बाजरीचं नुसतं टरफल उरलं होतं. लाल काठाची एक गोधडी तिने बाजूला काढून ठेवली होती. ती मुलीला लग्नात द्यायची, दोन पावसाळे शिवलेली. तिला मधोमध डोकं जाईल एवढं भोक होतं. सुप्याच्या त्याच मुलाशी लग्न वैशाखात होतं.

 मी फोटो पुढे केला, नाव दाखवलं. तिने बोटाने ओळ धरून स्वतःचं नाव वाचलं.

"म्हंजी आता बसलो का आमी गरिबीत?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. निकाल विचारावा तसं विचारलं. मी बसलात म्हणाले. तिने मान हलवली, पदराला हात पुसले आणि म्हणाली की मग आज दुपारी नवऱ्याला पाठवते, फ्रिज घेऊन येईल, नवी बाजरी तरी भरून ठेवता येईल.

आणि मला तिला सांगावं लागलं की अजून नको. पाया झाला की एकदा फोटो काढायला येतील, भिंती झाल्या की पुन्हा, पत्रे पडले की पुन्हा. त्यातल्या एखाद्या वेळी कुणी जुन्या घरात डोकावलं आणि कोपऱ्यात तो उभा दिसला, तर पुन्हा हो. नवं घर पुरतं उभं राहीपर्यंत तो शाळेतच राहू दे. हे बोलताना माझं मलाच ऐकवत नव्हतं.

तिने कोपऱ्याकडे पाहिलं. सारवलेल्या जमिनीत फ्रिजच्या पायांचे चार खळगे होते. पुढारी अजून हात जोडून उभा होता, पलीकडून लागलेल्या उन्हाने पांढरा पडलेला.

"लई अवघड हाय बाई तुमची गरिबी," ती म्हणाली. "आमची सोपी हुती."

मग तिने लाल काठाची गोधडी मांडीवर ओढली आणि भोकाभोवतीचे धागे बोटांनी चाचपत कुठवरचं कापड शाबूत आहे ते पाहू लागली. मी सुई मागितली. तिने दिली नाही.